परदेशात भाषाशिक्षक : नोकरी बदलताना व्हिसाचे काय?

इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. झालेल्या आणि बी.एड. केलेल्या आपल्या मुलामुलींना परदेशात शिक्षकाची नोकरी मिळणे आता नवलाचे राहिलेले नाही. रत्नागिरी, रायगड, मुंबई, ठाण्यातील अनेक कुटुंबांचा आखाताशी दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे. पूर्वी घरातला माणूस कारागीर, चालक किंवा कारकून म्हणून जात असे. आता त्याच घरातील पदवीधर मुलगी वा मुलगा रियाध, दुबई, दोहा, मस्कत येथील शाळेत, महाविद्यालयाच्या पूर्वतयारी वर्गात अथवा भाषा शिकविणाऱ्या खाजगी संस्थेत इंग्रजी शिकवितो. नोकरी मिळेपर्यंत सर्वांचे लक्ष पगार, घरभाडे आणि विमानाचे तिकीट या तीन गोष्टींवर असते. खरा प्रश्न वर्ष-दीड वर्षाने उभा राहतो. शेजारच्या शाळेत अधिक पगार मिळत असतो, किंवा आहे त्या संस्थेत पगार वेळेवर होत नसतो. तेव्हा शिक्षक विचारतो, 'मला येथून तेथे जाता येईल का?'

या प्रश्नाचे उत्तर पगारपत्रकात नसते, ते व्हिसात असते. जी परवानगी घेऊन आपण त्या देशात राहतो ती कशाला बांधलेली आहे, हे ज्याला ठाऊक असते तो सुखरूप नोकरी बदलतो. ज्याला ठाऊक नसते तो एक तर मुकाट्याने तेथेच राहतो किंवा कामावर जाणे सोडून देतो आणि कायद्याच्या नजरेत फरारी ठरतो. गेल्या काही वर्षांत आखाती देशांत हे नियम पुष्कळ बदलले आहेत. परंतु सल्ला देणारे बरेच जण अजून जुन्याच नियमांवर सल्ला देतात. म्हणून या विषयाची सविस्तर माहिती आम्ही येथे देत आहोत.

तीन प्रकारची बंधने

जगातील कामाच्या व्हिसाचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात परवानगी मालकाच्या मर्जीला बांधलेली असते. आखातात ज्याला कफाला म्हणतात ती पद्धत मूळची ही. कफील ज्याला आणतो त्याचा इकामा कफीलच्या नावावर असतो. दुसरीकडे जायचे तर कफीलने तनाजुल, म्हणजे सोडपत्र, दिले पाहिजे. ना-हरकत दाखला हे त्याचेच दुसरे नाव. दुसऱ्या प्रकारात परवानगी मालकाच्या नावावर असते, परंतु ठराविक मुदत आणि रीतसर सूचना या अटी पुऱ्या केल्या की मालकाच्या मर्जीवाचून बदल करता येतो. आखातातील बहुतेक देश आता या प्रकाराकडे वळले आहेत. तिसऱ्या प्रकारात परवानगी मालकाला नव्हे तर कामाच्या स्वरूपाला बांधलेली असते. जपान हे त्याचे चांगले उदाहरण असून त्याविषयी पुढे लिहिले आहे.

शिक्षकाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कारखान्यातील किंवा दुकानातील माणूस बारा महिन्यांत केव्हाही नवी जागा धरू शकतो. शाळेची भरती मात्र शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला होते. आखातातील बहुतेक शाळा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होतात, तर तेथील भारतीय अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे शिक्षकाने कायद्याचे कलम आणि शाळेचे वेळापत्रक ही दोन्ही एकत्र पाहिली पाहिजेत. कायद्याने हक्क मिळाला, पण तो नोव्हेंबरात मिळाला, तर त्या वेळी जागा रिकामी असेलच असे नाही.

सौदी अरेबिया : एक वर्ष आणि नव्वद दिवस

सौदी अरेबियाच्या मनुष्यबळ मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये श्रमसुधारणा जाहीर केल्या आणि १४ मार्च २०२१ पासून त्या लागू झाल्या. खाजगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्याचा करार संपला की मालकाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे बदली घेता येते. करार चालू असतानाही बदली घेता येते, परंतु त्यासाठी पहिल्या मालकाकडे एक वर्ष पूर्ण झालेले असावे लागते आणि ९० दिवसांची सूचना द्यावी लागते. ही सारी कारवाई 'किवा' या सरकारी संगणक व्यवस्थेतून होते. देशाबाहेर जाऊन परत येण्याची आणि कायमचे निघून जाण्याची परवानगी मागण्याची सोयही आता कर्मचाऱ्याच्या हाती, 'अबशर' या व्यवस्थेत आली आहे. घरकाम, घरगुती चालक, शेती वगैरे कामांतील माणसांना या सुधारणा लागू नाहीत. शाळेतील शिक्षकाला त्या लागू आहेत.

आता वेळापत्रक पाहू. समजा, एखादा शिक्षक १ सप्टेंबरला दोन वर्षांच्या करारावर रुजू झाला. पुढच्या ३१ ऑगस्टला त्याचे एक वर्ष भरते. त्याने दुसऱ्याच दिवशी सूचना दिली तर ९० दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस संपतात. तोवर नव्या शाळेचे पहिले सत्र जवळजवळ सरलेले असते. त्याऐवजी दोन वर्षांचा करार पूर्ण होऊ देऊन पुढील सप्टेंबरात नवी जागा धरणे बहुधा सोयीचे ठरते. त्यासाठी वसंत ऋतूतच अर्ज सुरू करावेत. जुन्या कराराचे आपोआप नूतनीकरण होणार असेल, तर करारात लिहिलेल्या मुदतीच्या आत 'नूतनीकरण नको' असे लेखी कळवावे. ही मुदत चुकली तर करार पुढे चालू राहतो आणि मग पुन्हा मध्येच सोडल्याचा प्रश्न उद्भवतो.

मालकाची संमती नको याचा अर्थ कराराची जबाबदारीही नको असा होत नाही, हे नीट लक्षात ठेवावे. सौदी श्रम कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे योग्य कारणावाचून मुदतीचा करार मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. करारात रक्कम ठरलेली नसेल तर उरलेल्या मुदतीच्या पगाराइतकी भरपाई होऊ शकते, आणि ती दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी नसते. म्हणून सही करण्यापूर्वी भरपाईचे कलम वाचावे. कित्येक शिक्षक पगाराचा आकडा तीनदा वाचतात आणि हे कलम एकदाही वाचत नाहीत.

काही प्रसंगी मात्र एक वर्षाचीही वाट पाहावी लागत नाही. देशात आल्यापासून तीन महिन्यांत मालकाने करार सरकारी व्यवस्थेत नोंदविला नाही, लागोपाठ तीन महिने पगार दिला नाही, किंवा इकामा अथवा कामाचा परवाना संपू दिला, तर मालकाच्या संमतीवाचून बदली मागता येते. आपला करार नोंदला गेला आहे की नाही, हे शिक्षकाने स्वतःच्या किवा खात्यात पाहावे. शाळेच्या कारकुनाने 'झाले आहे' म्हटले एवढ्यावर राहू नये.

खर्चाविषयीही मोठा गैरसमज आहे. सौदी कायद्याचे ४० वे कलम सांगते की भरतीचा, इकामा व कामाच्या परवान्याचा, त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च मालकाने करावयाचा आहे. बदलीचे शुल्कही ज्याच्याकडे शिक्षक जाणार त्या नव्या मालकाने भरावयाचे आहे. हे शुल्क पहिल्या वेळी २,०००, दुसऱ्या वेळी ४,००० आणि त्यानंतर ६,००० रियाल असे चढते असते. 'तुझ्या बदलीला इतका खर्च आला, तो पगारातून कापू' असे कोणी म्हणाल्यास ते कायद्याला धरून नाही.

कफील एक, वर्ग दुसऱ्याचा

सौदीत भाषाशिक्षकांच्या बाबतीत एक वेगळीच गुंतागुंत आढळते. तेथील कित्येक विद्यापीठांत पहिले वर्ष पूर्वतयारीचे असून त्यात इंग्रजीवर भर असतो. हे इंग्रजीचे काम अनेकदा विद्यापीठ स्वतः न करता एखाद्या कंपनीला कंत्राटाने देते. शिक्षक शिकवितो विद्यापीठात, त्याचा फलक आणि ओळखपत्रही विद्यापीठाचे, परंतु त्याचा कफील असते ती कंत्राटदार कंपनी. कंत्राट संपले की विद्यापीठ नवी कंपनी आणते. वर्ग तेच, विद्यार्थी तेच, पण शिक्षकाला कंपनी बदलावी लागते. अशा वेळी विद्यापीठाच्या विभागप्रमुखाचा तोंडी शब्द उपयोगी पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर इकामा, तोच मालक.

सौदी श्रम कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार आपल्या मालकाखेरीज दुसऱ्याकडे काम करणे मना आहे. एका मालकाच्या माणसाने दुसऱ्याकडे तात्पुरते काम करावयाचे असल्यास 'अजीर' नावाची परवानगी घ्यावी लागते. आपण ज्या इमारतीत शिकवितो ती संस्था आणि आपला कफील वेगळे असतील, तर अजीरचा कागद आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. तपासणी झाली तर अडचणीत येतो तो वर्गात उभा असलेला माणूस.

संयुक्त अरब अमिराती : सूचना द्या, मगच निघा

दुबई, अबुधाबी, शारजा येथे पूर्वी १९८० चा श्रम कायदा होता. त्या काळी नोकरी सोडणाऱ्यावर सहा महिन्यांची बंदी लागल्याच्या हकीकती आपल्याकडे घरोघरी ऐकू येत. २ फेब्रुवारी २०२२ पासून तेथे २०२१ चा ३३ क्रमांकाचा नवा कायदा लागू झाला. त्याप्रमाणे खाजगी क्षेत्रातील सर्व करार मुदतीचे झाले. चाचणीचा काळ सहा महिन्यांपेक्षा अधिक असत नाही. तो संपल्यावर नोकरी सोडताना करारात ठरल्याप्रमाणे ३० ते ९० दिवसांची सूचना द्यावयाची आणि ती मुदत काम करून पुरी करावयाची. त्यानंतर दुसरीकडे जाण्यास जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची गरज राहत नाही.

चाचणीच्या काळातच दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर निदान एक महिन्याची सूचना लागते आणि भरतीचा खर्च नव्या मालकाने जुन्याला भरून द्यावयाचा असतो. देश सोडूनच जायचे असेल तर १४ दिवसांची सूचना पुरते. मात्र तीन महिन्यांच्या आत त्याच देशात दुसरी नोकरी धरली तर पुन्हा भरपाईचा प्रश्न येतो. या नियमांना बगल देऊन निघून जाणाऱ्याला एक वर्षापर्यंत नवा परवाना नाकारला जाऊ शकतो. तेव्हा तेथील बंदी नाहीशी झालेली नाही. ती नोकरी बदलणाऱ्यावर नाही, न सांगता जाणाऱ्यावर आहे.

करारात 'नोकरी सोडल्यावर याच भागातील दुसऱ्या शाळेत जाणार नाही' असे कलम घातलेले कधी कधी आढळते. कायद्याने असे कलम मान्य केले आहे, पण त्यासाठी मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नसावी, ठिकाण आणि कामाचे स्वरूप स्पष्ट असावे आणि मालकाचा खरा व्यावसायिक हितसंबंध त्यात असावा, अशा अटी आहेत. इंग्रजीचे व्याकरण शिकविणे हे कोणाचे व्यापारी गुपित नव्हे. तरीही सही करताना असे कलम दिसले तर ते काढण्याची विनंती आधीच करणे शहाणपणाचे.

शिक्षकाच्या बाबतीत श्रम मंत्रालयाच्या परवान्याबरोबर शिक्षण खात्याची मान्यताही लागते. दुबईत ती 'केएचडीए' या प्राधिकरणाकडून आणि अबुधाबीत 'अडेक' या खात्याकडून मिळते. एका अमिरातीतून दुसऱ्या अमिरातीत जाताना ही मान्यता नव्याने घ्यावी लागते. कामाचा परवाना आला म्हणून वर्गात उभे राहण्याची घाई करू नये.

आपल्याकडील बऱ्याच शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर तेथे राहतात. त्यांचा निवासाचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर आणि कामाचा परवाना शाळेच्या नावावर असतो. शाळा बदलताना केवळ कामाचा परवाना बदलतो, निवासाला धक्का लागत नाही. ही मोठी सोय आहे. पण उलट बाजूने पाहिले तर नवऱ्याची नोकरी गेली की शिक्षिकेचा निवासही संकटात येतो, मग तिची स्वतःची नोकरी कितीही पक्की असो. अशा कुटुंबांनी दोघांच्या कागदांच्या तारखा एकत्र लिहून ठेवाव्यात.

घरगुती शिकवण्यांसाठीही अमिरातीने डिसेंबर २०२३ मध्ये खाजगी शिक्षकाचा स्वतंत्र परवाना सुरू केला. त्यापूर्वी अशा शिकवण्या चोरून चालत. आता परवाना काढून उघडपणे घेता येतात. परवान्यावाचून घेतल्या तर तो गुन्हाच आहे.

कतार, ओमान, बहरैन, कुवैत

कतारने ऑगस्ट २०२० मध्ये काढलेल्या कायद्यांनी ना-हरकत दाखल्याची अट रद्द केली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याने एक महिन्याची आणि त्याहून अधिक झालेल्याने दोन महिन्यांची सूचना द्यावयाची. चाचणीच्या काळात बदल केल्यास नव्या मालकाने जुन्याला भरतीच्या खर्चापोटी भरपाई द्यावयाची असून ती दोन महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा जास्त असत नाही.

ओमानात २०१४ पासून नियम फार कडक होता. मालकाचा दाखला नसेल तर नोकरी सोडणाऱ्याला दोन वर्षे परत येता येत नसे. १ जानेवारी २०२१ पासून ही अट गेली. मात्र तेथे करार संपल्याचा किंवा रीतसर संपुष्टात आल्याचा पुरावा द्यावा लागतो. करार मध्येच असताना केवळ इच्छा झाली म्हणून बदली मिळत नाही. २०२३ मध्ये तेथे नवा श्रम कायदाही आला.

मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा आखातात सर्वप्रथम दिली ती बहरैनने, २००९ साली. पुढे २०११ मध्ये तिला एक वर्षाच्या नोकरीची अट जोडली गेली.

कुवैतमध्ये खाजगी शाळेतील शिक्षक १८ व्या कलमाच्या इकाम्यावर असतो. तेथे संमतीवाचून बदली मिळण्यास तीन वर्षांची अट आहे. शिवाय १ जुलै २०२५ पासून या कलमाखालील कर्मचाऱ्यांना देशाबाहेर जाताना मालकाने मान्य केलेला बाहेर जाण्याचा परवाना लागू लागला आहे. म्हणजे शेजारी देश एक बंधन सोडत असताना येथे एक बंधन वाढले. आखात म्हणजे एकच देश आणि एकच कायदा असे समजणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. सरकारी शाळांतील शिक्षकांचे नियमही निराळे असतात. वर दिलेली माहिती खाजगी क्षेत्रापुरती आहे.

पूर्वेकडील दोन नमुने

आखाताबाहेर इंग्रजी शिक्षकांना मोठी मागणी असलेले दोन देश म्हणजे दक्षिण कोरिया आणि जपान. दोघांची तऱ्हा मात्र भिन्न.

कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला 'ई-२' नावाचा व्हिसा मिळतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच दिला जातो. भारताशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे, जो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, भारतीयांसाठी एक छोटी खिडकी उघडली आहे. इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीयाला तेथील सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येते. 'हागवॉन' म्हणजे तेथील खाजगी शिकवणी वर्ग. त्या नोकऱ्या या खिडकीत येत नाहीत. त्यामुळे हागवॉनमधील नोकरीचे आमिष दाखवून कोणी भारतीय पदवीधराकडे पैसे मागत असेल तर तेथेच सावध व्हावे. ई-२ व्हिसा शाळेला बांधलेला असतो. करार संपण्यापूर्वी दुसरीकडे जायचे तर जुन्या मालकाचे सोडपत्र लागते. थोडक्यात, आखातातून जाऊ लागलेले तनाजुल तेथे अजून आहे.

जपानमध्ये निवासाची परवानगी कामाच्या प्रकाराला बांधलेली असते. शाळेतील शिक्षक, विद्यापीठातील प्राध्यापक आणि खाजगी भाषा संस्थेतील शिक्षक असे तीन निरनिराळे दर्जे आहेत. एका खाजगी संस्थेतून दुसऱ्या खाजगी संस्थेत जाताना कोणाच्या दाखल्याची गरज नाही. बदलाची खबर १४ दिवसांत इमिग्रेशन खात्याला द्यावी लागते. मात्र खाजगी संस्थेतून सरकारी शाळेत जायचे तर काम इंग्रजी शिकविण्याचेच असूनही दर्जा बदलून घ्यावा लागतो. आणि नोकरी सोडून तीन महिने योग्य कारणावाचून रिकामे बसल्यास परवानगी रद्द होऊ शकते. तेथे मालक पकडून ठेवत नाही, पण कॅलेंडर पकडते.

राजीनामा की कराराची अखेर?

नोकरी बदलण्याचा विचार करताना सेवा-अखेरच्या रकमेचा हिशोब फार थोडे शिक्षक करतात. सौदी कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि त्यानंतर दर वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. परंतु राजीनामा दिल्यास दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश आणि दहा वर्षे झाल्यावर पूर्ण अशी पायरी आहे.

उदाहरण घेऊ. ६,००० रियाल पगाराच्या शिक्षकाची चार वर्षे झाली. त्याची पूर्ण रक्कम १२,००० रियाल होते. त्याने कराराच्या मध्येच राजीनामा दिला तर हाती ४,००० येतात. करार संपेपर्यंत थांबून नूतनीकरण नाकारले तर १२,०००. काही महिन्यांचा धीर ८,००० रियालांचा असतो. नव्या शाळेत ३०० रियाल जास्त मिळतात म्हणून घाईने राजीनामा देणाऱ्याला ही तूट भरून काढायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल.

अमिरातीत ही पायरी नव्या कायद्याने काढून टाकली. एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो, मग राजीनामा असो वा कराराची अखेर. ५,००० दिरहम मूळ पगारावर चार वर्षांचे १४,००० दिरहम होतात. येथे शब्द 'मूळ पगार' असा आहे. घरभाडे आणि प्रवासभत्ता फुगवून मूळ पगार लहान ठेवलेला करार आज गोड वाटतो, पण निघताना कडू लागतो.

फरारीचा शिक्का

पगार थकला, अपमान झाला, रजा नाकारली की संतापून कामावर जाणे बंद करणारे शिक्षक असतात. सौदीत यालाच हुरूब म्हणत. मालकाने तक्रार केली की इकामा निकामी होऊन अटकेची पाळी येई. ऑक्टोबर २०२२ पासून तेथे थोडी सवलत आली आहे. गैरहजेरीची तक्रार नोंदल्यावर कर्मचाऱ्याला नवी नोकरी शोधण्यास किंवा देश सोडण्यास ६० दिवस मिळतात. ते वाया घालविले तर जुनीच गत होते. अमिरातीत लागोपाठ सात दिवसांपेक्षा अधिक गैरहजर राहिल्यावर मालकाला तक्रार करता येते.

म्हणून मालक चुकत असला तरी आपण कामावर जात राहून तक्रार नोंदवावी, हा मार्ग सुरक्षित. अमिरातीत मालकाने कराराचा भंग केला असल्यास मंत्रालयाला १४ कामाचे दिवस आधी कळवून नोकरी सोडण्याची तरतूद आहे. तक्रारीची पावती, पगार जमा न झाल्याचा बँकेचा उतारा आणि लेखी मागणीची प्रत हे तीन कागद हाती असले की शिक्षकाची बाजू भक्कम होते. पासपोर्ट मालकाकडे ठेवून घेणे सौदी आणि अमिराती या दोन्ही ठिकाणी कायद्याविरुद्ध आहे. 'सर्वांचे येथेच असतात' या उत्तरावर समाधान मानू नये.

निघण्यापूर्वी घरी करावयाचे काम

दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टला भारत सरकारची उत्प्रवास मंजुरी लागत नाही. पदवीधर शिक्षक साहजिकच या वर्गात मोडतो. ही सोय आहे, पण तिची एक किंमतही आहे. मजुराचा करार निघण्यापूर्वी सरकारी नजरेखालून जातो, शिक्षकाचा जात नाही. त्याचा करार त्याला स्वतःलाच तपासावा लागतो. दलाल मात्र कोणासाठीही भरती करीत असला तरी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणीकृत दलालांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी व्यवस्थेत पाहता येते. त्याने घ्यावयाच्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी आहे. यापेक्षा जास्त देऊन गेलेला माणूस कर्जात जातो, आणि कर्जात असलेल्या माणसाला कायद्याने दिलेली मोकळीकही वापरता येत नाही.

पदवीच्या प्रमाणपत्रांचे साक्षांकन ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. सौदी अरेबिया २०२२ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. अमिराती, कतार आणि कुवैत यांच्यासाठी मात्र त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. साक्षांकित मूळ प्रमाणपत्रे शाळेच्या कपाटात पडू देऊ नयेत. दाखवावीत, प्रत द्यावी आणि परत घ्यावीत. नवी शाळा पहिल्याच दिवशी तीच मागते, आणि नाराज झालेली जुनी शाळा ती द्यायला महिने लावू शकते.

इकाम्यावरील हुद्दाही पाहून घ्यावा. 'शिक्षक' म्हणून करार आणि व्हिसावर 'कारकून' वा 'विक्रेता' असा प्रकार असेल तर पुढे शिक्षक म्हणून बदली घेताना अडचण येते आणि शिक्षकाचा अनुभवही कागदावर सिद्ध होत नाही. 'तेथे गेल्यावर बदलून देऊ' हे आश्वासन लेखी नसेल तर ते नसल्यासारखेच.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने एका वहीच्या पहिल्या पानावर पाच तारखा लिहाव्यात असे आम्ही सुचवितो : करार सुरू झाल्याची, चाचणी संपण्याची, करार संपण्याची, नूतनीकरण नाकारण्याच्या शेवटच्या दिवसाची आणि इकामा संपण्याची. त्याखाली दोन आकडे लिहावेत : किती दिवसांची सूचना आणि किती भरपाई. याची एक प्रत घरी आई-वडिलांकडे ठेवावी. वाद झालाच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' व्यवस्थेत घरूनही तक्रार नोंदविता येते, आणि तेव्हा याच तारखा विचारल्या जातात. नियम पुन्हा बदलतील. जाण्यापूर्वी त्या देशाच्या श्रम मंत्रालयाची माहिती पुन्हा एकदा पाहून घ्यावी, आणि पगाराचे बोलणे होण्याआधी शाळेला एक प्रश्न जरूर विचारावा : माझा इकामा नेमका कोणाच्या नावावर असणार?